मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा बिघडला तर वाट पाहू नका

मोतीबिंदूचे ऑपरेशन आता अर्ध्या तासाच्या आत होते आणि बहुतेकांना चांगले दिसू लागते. त्यामुळे आपण निर्धास्त होतो. चार दिवसांनी आजी म्हणतात, "आज कालच्यापेक्षा धुरकट दिसतंय." आपण म्हणतो, "नवा डोळा आहे, बसेल हळूहळू." नेमके इथेच आपण चुकतो.

ऑपरेशननंतर दिसणे दिवसेंदिवस सुधारले पाहिजे. सुधारलेली नजर पुन्हा कमी झाली, डोळा लाल झाला किंवा ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत घातक म्हणजे डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग. तो हजारात एखाद्यालाच होतो, बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत. पण तो काही तासांत वाढतो. यावर गोळ्या किंवा थेंब पुरत नाहीत. डॉक्टर आतील द्रवाचा नमुना तपासणीला घेतात आणि अँटिबायोटिकचे इंजेक्शन थेट डोळ्यात देतात. गरज पडल्यास डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून टाकतात. या ऑपरेशनला व्हिट्रेक्टोमी म्हणतात. 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की, ज्यांना फक्त उजेड कळत होता त्यांना तातडीच्या व्हिट्रेक्टोमीचा स्पष्ट फायदा झाला. ज्यांना समोर हलवलेला हात दिसत होता, त्यांना इंजेक्शननेही तितकाच गुण आला. त्याच अभ्यासात सुमारे चौथ्या भागाच्या रुग्णांना वेदना नव्हत्या. म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे" असे म्हणू नये.

कधी मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या मागच्या भागात पडतो. त्याने सूज येते, दाब वाढतो. मोठा तुकडा असेल तर पडद्याचे तज्ज्ञ व्हिट्रेक्टोमी करून तो काढतात. बसवलेली लेन्स सरकली, तर ती जागेवर आणतात, टाक्याने बसवतात किंवा बदलतात.

डोळ्यापुढे चमका, अचानक पुष्कळ काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तर मागचा पडदा सुटत असू शकतो. हे ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही घडते. ऑपरेशनने पडदा पुन्हा चिकटवता येतो. डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी पोहोचलो, तर नजर चांगली वाचते. गॅस भरला असेल तोवर विमानप्रवास करू नये.

काही महिन्यांनी हळूहळू धुरकट दिसू लागले, तर "मोतीबिंदू पुन्हा आला" असे समजू नका. बहुधा लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. याग लेसरने काही मिनिटांत ती वाट मोकळी होते, चिरफाड लागत नाही. मात्र तपासून घेणे आवश्यक आहे.

शिबिरात ऑपरेशन झाले असेल तर निघण्यापूर्वीच विचारा: रात्री त्रास झाला तर कुठे जायचे, कुणाला फोन करायचा? डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. मध, तूप, दूध किंवा दुसऱ्याचे थेंब डोळ्यात घालू नका. खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारा. पण चौकशीसाठी उपचार थांबवू नका.

आपल्या घरात, वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले असेल तर पहिले दोन आठवडे त्यांना रोज विचारूया, "कालच्यापेक्षा आज कसं दिसतंय?"