हजेरीपट आणि कुलूप

बराच काळ माझं मत असं होतं की चांगल्या कामाला पैसा कुठूनही येवो, वापरणाऱ्याची नियत साफ असली म्हणजे झालं. एन्क्रिप्शनचा, म्हणजे संदेशांना आणि माहितीला कुलूप लावण्याच्या तंत्राचा, प्रसार करणाऱ्या मेळाव्यांपुरतं तरी हे मत मी सोडून दिलं आहे. गणेशगुडीसारख्या गावात असा वर्ग भरवायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी ते आधीच सोडावं, म्हणून हे लिहितो. देणगीदार सहसा फार काही मागत नाही, फक्त पुरावा मागतो. आलेल्यांची नावं, मोबाइल नंबर, सह्या, बॅनरसकट एक सामूहिक फोटो, आणि हल्ली त्या फोटोवर अक्षांश-रेखांशही. नेत्रतपासणीच्या शिबिराला हे खपून जातं. पण आपला नंबर आणि आपलं बोलणं कसं जपावं हे शिकवणाऱ्या वर्गाच्या दारातच नंबर लिहून घेणारी वही फिरत असेल, तर आत शिकवायला काही उरत नाही. त्या वहीचा फोटो कुणाच्या मेलमधून कुणाच्या एक्सेलमध्ये जातो, हे ना आयोजकाला ठाऊक असतं ना सही करणाऱ्याला.

गणेशगुडीत हे सगळं कशाला, तिथे तर धड नेटवर्क मिळत नाही, असं कुणी म्हणेल. पण कर्नाटकातल्या सुपा धरणाच्या पायथ्याचं हे गाव राफ्टिंग आणि होमस्टेवर चालतं. बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, आगाऊ रक्कम यूपीआयने येते आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो मालकाच्या गॅलरीत घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहतात. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन पूर्ण केलं. त्यामुळे तो फोटो बेळगाव-हुबळीहून येताना वाटेत बंद पेटीत असतो, मुक्कामी पोचला की उघडा पडतो. बॅकअपला वेगळं कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. आधारच्या बाबतीत तर प्राधिकरणाचीच तारांबळ उडाली होती. २७ मे २०२२ ला त्यांच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड (शेवटचे चारच आकडे दिसणारं) आधार वापरा, आणि विनापरवाना हॉटेलांना प्रती ठेवता येणार नाहीत. दोनच दिवसांनी, चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून ते पत्रक मागे घेण्यात आलं. ज्या गावाचा धंदाच परक्यांची ओळखपत्रं हाताळण्याचा आहे, तिथे हा वर्ग बेंगळुरूच्या काचेच्या इमारतीतल्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. तो कोकणी, मराठी आणि कन्नडमध्ये व्हायला हवा, हे वेगळं सांगायला नको.

आता पैशाचं. काळी नदीवरचं राफ्टिंग धरणाच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. पाणी सुटलं नाही तर तराफे काठावर. एकाच देणगीदारावर उभ्या असलेल्या कामाचं असंच असतं. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाने मोठी मदत केली होती, अशा कितीतरी साधनांना केली. मार्च २०२५ मध्ये त्या फंडाचंच अनुदान एका पत्रानिशी थांबवण्यात आलं आणि त्याला कोर्टात धाव घ्यावी लागली. ज्यांनी त्याच्या भरवशावर वर्षाचं नियोजन केलं असेल त्यांचं काय झालं असेल, ते राफ्टवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे तर असा पैसा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेणंच गुन्हा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा ‘आमच्या खात्यात घेतो आणि तुम्हाला देतो’ असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी हात जोडावेत.

मग मोठ्या प्रायोजकाशिवाय कार्यक्रम व्हायचा कसा? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. शाळेचा वर्ग, उसना प्रोजेक्टर, चहा-पोहे आणि शिकवणाऱ्याचं एसटीभाडं, एवढ्याला प्रायोजक लागत नाही, वर्गणी लागते. ती गोळा करायचं शास्त्र गणपतीच्या मंडळांनी आपल्याला केव्हाच शिकवलं आहे. मात्र त्याच मंडळांची एक खोडही आपल्यात आली आहे. पैसा जमला की तो मांडवावर जातो. टी-शर्ट, कमान, स्मृतिचिन्हं. मूर्ती घडवणाऱ्याशी मात्र घासाघीस. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची खोट उघडकीस आली, तेव्हा जगाला कळलं की लाखो संकेतस्थळं ज्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने कुलूपबंद होती त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी मदतीचा हात पुढे केला. म्हणून वर्गणीतला एक हिस्सा मेळाव्याच्या खर्चात न घालता कुलूप घडवणाऱ्यांकडे आणि ते मराठी-कोकणीत आणणाऱ्यांकडे जावा, असं माझं ठाम मत आहे. फॉस युनायटेडसारखी देशी संस्था मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यांना हातभार लावते. तिच्याकडेही आधी वर्गणी जमवून, कमी पडेल तेवढंच मागायला जावं.

सगळ्यात जड आक्षेप असा की या कुलपांमागे गुन्हेगारही लपतात. लपतात, हे नाकारून वर्ग चालवू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपले संदेश ९० दिवस साध्या, वाचता येईल अशा रूपात जपून ठेवावेत अशी अट होती. गदारोळ झाला आणि तो मसुदा मागे गेला. २०२१ च्या आयटी नियमांनी संदेश मुळात कुणी पाठवला ते शोधून देण्याची सक्ती आणली, आणि व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. पोलिसांची अडचण खरी आहे. पण फक्त पोलिसांसाठी उघडेल असं कुलूप अजून कुणाला बनवता आलेलं नाही, आणि तेच कुलूप यूपीआयलाही लागतं. काठावर लाइफ जॅकेट वाटताना कुणाचं चारित्र्य तपासत नाहीत. उलट बाजूनेही एक पथ्य पाळायला हवं. या वर्गाने ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर होणारी लुबाडणूक, थांबेल असं देणगीदाराला सांगून पैसे मागू नयेत. भामट्याचा व्हिडिओ कॉलही तितकाच कुलूपबंद असतो. तिथे फोन ठेवून सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन फिरवण्याची सवयच उपयोगी पडते. वाढीव आश्वासनावर मिळालेला पैसा पुढच्या वर्षी वाढीव आकडे मागतो, आणि मग ती वही परत फिरू लागते.

ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ मध्ये गुप्तलेखनाविषयी मांडलेलं तत्त्व असं की व्यवस्थेचं सगळं शत्रूला कळलं तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. हिशेबालाही हे लावून पाहावं. कुणी किती दिले, कशावर गेले, हे शाळेच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहावं. गुपचूप देणाऱ्याचे पैसे परत करावेत. आलेल्यांची नावं मात्र कुठेच नकोत. किती जण आले हे कळण्यासाठी चहाचे कप मोजले तरी पुरतं.