ट्रॅक्टरचें ओझें व गाडीचा तोल

आपल्याकडे ट्रॅक्टर हा ओढणारा म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. उंसाच्या हंगामांत कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवर ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु जेथें शेतें एकमेकांपासून फार दूर असतात, तेथें ट्रॅक्टरलाच कधीं कधीं ओझें होऊन दुसऱ्याच्या पाठीवर बसावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का यांसारख्या विस्तीर्ण मुलखांत हें दृश्य नित्याचें आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर सावकाश चालतो, त्याच्या टायरांची झीज होते, आणि मागून वेगानें येणाऱ्या मोटारींस त्यापासून धोका असतो. म्हणून त्यास ट्रेलरवर चढवून पिकअप मोटारीनें नेतात. या कामाच्या ट्रेलरांचा एक विशेष प्रकार म्हणजे ‘गूसनेक टिल्ट ट्रेलर’. तो कसा निवडावा व कसा वापरावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्र परदेशचें असलें तरी त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व आपल्या गाडीवानांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोनचाकी बैलगाडी भरतांना ओझें आंसाच्या मागें अधिक झालें, तर गाडी उलाळते. जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्याचे पट्टे आवळतात. उलट ओझें फारच पुढें झालें, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान पोतीं अशीं रचतो कीं बहुतेक भार चाकांनीं वाहावा आणि थोडा, परंतु निश्चित भाग जुंवावर राहावा. हा ‘थोडा परंतु निश्चित भाग’ नीट ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याचेंच आहे.

आतां प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ‘गूस’ म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी व ‘नेक’ म्हणजे मान. या ट्रेलरच्या पुढील टोंकापासून एक भक्कम लोखंडी मान वर जाऊन पुढें वळते व पिकअपच्या हौद्यांत बसविलेल्या पोलादी गोळ्यावर उतरते. या गोळ्याचा व्यास बहुधा २ ५/१६ इंच असतो. सामान्य ट्रेलर मोटारीच्या अगदीं मागच्या टोंकास जोडतात; हा मात्र मागल्या आंसाच्या वर किंवा किंचित पुढें जोडला जातो. त्यामुळें त्याचा भार मोटारीचें मागचें टोंक खालीं दाबून पुढचीं चाकें हलकीं करीत नाहीं, व धांवतांना ट्रेलर शेंपटीसारखा दोहों बाजूंस झुलण्याचें भयहि कमी होतें. ‘टिल्ट’ म्हणजे कलणें. ज्या तळावर ट्रॅक्टर उभा राहतो तो तळ एका बिजागरीवर कलून त्याचें मागचें टोंक जमिनीस टेकतें. म्हणून चढण्यासाठीं वेगळ्या जड फळ्या लावाव्या लागत नाहींत. ट्रॅक्टर बिजागरीच्या पुढें गेला कीं तळ आपोआप खालीं येऊं लागतो, आणि तेलानें भरलेलें एक नळकांडें त्यास आदळूं न देतां हळूहळू बसवितें. कांहीं ट्रेलरांत हें कलणें तेलाच्या पंपानें घडवून आणतात.

ट्रेलर निवडतांना पुष्कळ लोक एकच प्रश्न विचारतात : मोटार एवढें ओढूं शकेल काय? हा प्रश्न योग्य असला तरी अपुरा आहे. दुसरा प्रश्न असा कीं, ट्रेलरचा जो भाग मोटारीच्या पाठीवर बसतो तो तिला झेपेल काय? गूसनेक ट्रेलरांत एकंदर भरलेल्या वजनाचा सुमारें १५ ते २५ टक्के भाग मानेवाटे मोटारीवर पडावा असें मानतात. सामान्य ट्रेलरांत हेंच प्रमाण सुमारें १० ते १५ टक्के असतें.

एक उदाहरण घेऊं. समजा, ट्रॅक्टर २,७०० किलो, त्याच्या पुढील माती उचलण्याचें यंत्र ५०० किलो व मागील अवजार ३०० किलो. मिळून ३,५०० किलो. रिकामा ट्रेलर २,३०० किलो. एकूण ५,८०० किलो. याचे २० टक्के म्हणजे १,१६० किलो मोटारीवर पडले. मोटारीची भारमर्यादा १,४०० किलो आहे असें धरूं. ही मर्यादा ठरविणारीं वजनें चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेलीं असतात. वरवर पाहतां सर्व ठीक दिसतें. परंतु चालक ८० किलो, सोबती ७० किलो, हत्यारांची पेटी ६० किलो आणि गोळा व त्याची बैठक ४० किलो, हे २५० किलो हिशेबांत घेतले कीं बेरीज १,४१० होते. ओढण्याची शक्ति पुरेशी असतांहि पाठ मात्र १० किलोंनीं कमी पडली!

यावर उपाय काय? येथें तरफेचें गणित कामास येतें. समजा, गोळ्यापासून ट्रेलरच्या आंसांच्या मध्यापर्यंतचें अंतर ७ मीटर असून ट्रॅक्टरचा भारमध्य आंसांच्या १.४ मीटर पुढें आहे. तेव्हां ट्रॅक्टरच्या वजनाचा १.४ भागिले ७, म्हणजे पांचवा हिस्सा, ७०० किलो, गोळ्यावर येईल. रिकाम्या ट्रेलरचे ४६० त्यांत मिळविले कीं वरील १,१६० होतात. आतां ट्रॅक्टर केवळ २० सेंटिमीटर मागें घेतला, तर गोळ्यावरील भार १०० किलोंनीं घटून १,०६० होतो. हें प्रमाण १८ टक्क्यांहून थोडें अधिक, म्हणजे योग्य मर्यादेंतच आहे, व मोटारहि मर्यादेच्या आंत आली. परंतु हाच ट्रॅक्टर पूर्ण एक मीटर मागें घेतला, तर गोळ्यावर अवघे ६६० किलो राहतील. हें ११ टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे गूसनेकसाठीं फारच थोडें झालें. ही उलाळण्याकडे वाटचाल होय. मागें घ्यावें, परंतु मोजून घ्यावें.

हिशेबासाठीं घेतलेलें वजन खरें असलें पाहिजे. ट्रॅक्टरच्या पुस्तकांतील वजन बहुधा मोकळ्या यंत्राचें असतें. पकड वाढविण्यासाठीं मागील टायरांत पाणी किंवा क्षारद्रव भरलेला असल्यास त्यानेंच शेंकडों किलो वाढतात. म्हणून महामार्गावरील कांट्यावर एकदां सर्व जोडणी प्रत्यक्ष तोलून पाहणें हें अनुमानापेक्षां केव्हांहि श्रेयस्कर. तसेंच मोटारीच्या मागल्या आंसाची, टायरांची, गोळ्याची व ट्रेलरच्या आंसांची मर्यादाहि निरनिराळी तपासावी; सांखळी तुटते ती तिच्या अशक्त कडींतच.

सर्वांत नाजुक क्षण ट्रॅक्टर चढवितांना येतो. ट्रॅक्टर ट्रेलरच्या शेंपटावर येतो तेव्हां सारें ओझें आंसांच्या मागें असतें. अर्थात् ट्रेलरची मान वर उसळूं पाहते. जोडणीची कळ नीट लागलेली नसेल, तर मान गोळ्यावरून सुटून वर जाईल. ती लागलेली असेल, तर मोटारीचा मागचा भाग उचलला जाईल. आणि उभ्या मोटारीचा हातब्रेक बहुधा मागल्या चाकांवरच चालतो! तीं चाकें हलकीं झालीं कीं ब्रेक असूनहि जोडणी सरकूं शकते. म्हणून जागा सपाट व कठीण निवडावी, ट्रेलर मोटारीस जोडलेलाच असावा, आणि दोहोंच्याहि चाकांस उटी लावाव्या. चालकानें पट्टा बांधावा, डोक्यावरील लोखंडी कमान उभी ठेवावी, मंद गतीचा गिअर घालावा व मध्येंच गिअर बदलूं नये. मागें व बाजूस कोणी, विशेषतः मुलांनीं, उभें राहूं नये. तळ खालीं बसला कीं त्याची कडी लावून ती लागल्याची हातानें खात्री करून घ्यावी.

मग बांधणी. अमेरिकेच्या संघराज्याच्या व्यापारी वाहतुकीच्या नियमांप्रमाणें १०,००० पौंड, म्हणजे सुमारें ४,५३६ किलो, किंवा त्याहून जड चाकांच्या यंत्रास निदान चार बंधनें लागतात, आणि सर्व बंधनांची मिळून कार्यक्षमता ओझ्याच्या निम्म्याहून कमी असतां कामा नये. आमच्या उदाहरणांतील ट्रॅक्टर यापेक्षां हलका आहे. तरी चारहि कोपऱ्यांस एकेक सांखळी लावणें शहाणपणाचें. दोन सांखळ्या पुढें व दोन मागें ओढणाऱ्या असाव्या, म्हणजे ब्रेक लावतांना व चढ चढतांना ओझें जागच्या जागीं राहील. पुढील यंत्र तळावर पूर्ण टेकवून तेंहि बांधावें.

निघण्यापूर्वीं दिवे, ट्रेलरचे विजेचे ब्रेक, सुरक्षा-सांखळ्या आणि अकस्मात् सुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी कळ तपासावी. वळणावर हा ट्रेलर सामान्य ट्रेलरापेक्षां आंतल्या बाजूनें अधिक कापीत जातो. म्हणून वळण रुंद घ्यावें. पुढील मोटारीपासून नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक अंतर ठेवावें. सांखळ्या प्रवासांत ढिल्या होतात. व्यापारी चालकांस पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारें ८० किलोमीटरच्या, आंत त्या पुन्हां पाहण्याचा नियम आहे, व तो प्रत्येकानें पाळण्यासारखा आहे.

विद्यार्थीमित्रहो, तरफेचा नियम पुस्तकांत वाचतांना कित्येकांस तो परीक्षेपुरता वाटतो. परंतु वीस सेंटिमीटरांच्या फरकानें भारमर्यादेच्या बाहेर गेलेली मोटार मर्यादेच्या आंत येते, हें आपण आतांच पाहिलें. आणि ही सुरक्षितता केवळ चालकाची नसते. समोरून येणाऱ्या मोटारींत बसलेल्या कुटुंबानें त्या ट्रॅक्टरचें वजन केलेलें नसतें, त्याच्या सांखळ्या ओढून पाहिलेल्या नसतात. कोणीतरी अनोळखी मनुष्यानें तें काम नीट केलें असेल या भरंवशावरच तें वाट चालत असतें. तो भरंवसा खरा ठरविणें हें ओझें वाहून नेणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. मग तो नेब्रास्कांतील शेतकरी असो, उंसाची ट्रॉली नेणारा आपल्याकडील चालक असो, अथवा पोतीं रचणारा गाडीवान असो.