विषाणू गेल्यानंतरचे यकृत आणि मद्यपान

हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणुजन्य विकार आहे. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तोपर्यंत रक्त घेतलेल्या रोग्यांमध्ये उद्‌भवणाऱ्या या यकृतदाहाला 'ए नव्हे आणि बी नव्हे' एवढेच नाव होते. या संशोधनाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. त्रास पुष्कळ होई आणि गुण अनेकांना येत नसे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर या औषधास मान्यता मिळाली. २०१४ मध्ये मुंबईची सिप्ला, बंगळूरची स्ट्राइड्स इत्यादी सात भारतीय कंपन्यांना ते तयार करण्याचा परवाना देण्यात आला. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे सरकारी रुग्णालयांत हे उपचार विनामूल्य मिळू लागले. बहुतेक रोगी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणुमुक्त होतात.

उपचार इतके सुकर झाल्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. समजा, बंगळूरच्या पूर्वेस, व्हाइटफील्डच्या रस्त्यावर महादेवपुरा येथील एका कारखान्यात बेळगावकडचा एक गृहस्थ नोकरीस आहे. त्याचे वय पन्नाशीच्या आसपास आहे. १९९० च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला रक्त दिले गेले होते. रक्तपेढ्यांत हेपटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्यामुळे त्याच्या शरीरात विषाणू बराच काळ वस्ती करून राहिला. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या चाचणीत 'विषाणू आढळला नाही' असा निष्कर्ष येतो. सहकारी म्हणतात, "आता काय हरकत आहे? बरे झालात ना!" घरची माणसे गप्प राहतात, कारण त्यांनाही तो अहवाल तसाच वाटतो.

येथेच गफलत होते. तो अहवाल रक्तातील विषाणूविषयी असतो. यकृताच्या अवस्थेविषयी त्यातून काहीच कळत नाही. दीर्घकाळच्या दाहाने यकृतात व्रणासारखे तंतू साठत जातात. त्यांच्या प्रमाणानुसार डॉक्टर शून्य ते चार अशा पायऱ्या मानतात. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस, अर्थात यकृत गाठाळ व कठीण होणे. विषाणू गेल्यावर तंतू हळूहळू विरळ होऊ शकतात; परंतु त्याला वर्षे लागतात आणि सर्वांच्या बाबतीत ते घडतेच असे नाही. शिवाय यकृताच्या आतील भागाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे 'मला काही त्रास नाही' या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

मद्यार्काचे विघटन मुख्यतः यकृतातच होते. त्यातून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ निर्माण होतो. तो पेशींना इजा करतो, दाह वाढवितो आणि तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चालना देतो. म्हणजे विषाणूने जे काम अर्धवट सोडले, तेच मद्य पुढे चालविते. १९९७ साली फ्रान्समधील दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की, रोज ५० ग्रॅम वा अधिक मद्यार्क घेणाऱ्यांमध्ये तंतूंची वाढ अधिक वेगाने होते. हे रोगी विषाणुयुक्त होते. तरी मद्याचा स्वतंत्र वाटा त्यातून स्पष्ट होतो.

हे प्रमाण आपल्या व्यवहारातील मापांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल. व्हिस्की, रम यांच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे 'क्वार्टर' या १८० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ६० ग्रॅम भरतो. आठ टक्के मद्यार्काच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम असतो. तेव्हा 'फक्त बिअर' हा बचाव टिकत नाही.

म्हणून मद्यपानाचा प्रश्न डॉक्टरांसमोर मांडताना विचारावयाची पहिली गोष्ट ही की, उपचारांपूर्वी यकृत कोणत्या पायरीवर होते. सिऱ्होसिस झालेला असेल, तर मद्य कायमचे वर्ज्य होय. अशा रोग्याच्या बाबतीत कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावर बराच घटतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. तंतू अल्प असतील, तर धोका कमी असतो. तथापि अशा यकृतासाठी मद्याचे निश्चित सुरक्षित प्रमाण कोणी सांगू शकत नाही. न घेणे हाच निर्धोक मार्ग आहे. यकृतात मेद साठलेला असेल किंवा मधुमेह असेल, तर हे अधिकच खरे.

ज्यांना रोज पिण्याची सवय जडली आहे, त्यांनी मात्र वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी मद्य सोडू नये. हातापायांना कंप, आकडी, भ्रम असे गंभीर परिणाम होऊ शकतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत व्यसनोपचाराची सोय आहे; पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठी वाचकांस परिचित आहेच. पिण्याची सवय डॉक्टरांपासून लपविण्याचेही कारण नाही, कारण केवळ त्या सवयीमुळे विषाणूवरील उपचार नाकारले जाऊ नयेत असेच आजचे वैद्यकीय मत आहे. महादेवपुऱ्याच्या त्या गृहस्थाने सहकाऱ्यांना उत्तर देण्यापूर्वी आपल्या यकृताची तपासणी करून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष घरच्यांनाही समजावून सांगावा.