अपस्केलिंगवाला डीव्हीडी प्लेअर घ्यायचा का? आधी एक गुणाकार करा



लोकवर्गणीतून आमच्या शाळेत फुल एचडी टीव्ही आला. हौसेनं जुन्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी लावली, तर मुलांचे चेहरे पुसट आणि जाडजूड! दुकानदार म्हणाला, "गुरुजी, अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या, सगळं एचडी दिसेल." तुम्हालाही कोणी असं सांगितलं, तर पैसे काढण्याआधी मुलांकडून एक गुणाकार करून घ्या.

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६००. आता भागाकार करा. उत्तर बरोबर ५ येतं!

म्हणजे पडद्यावरच्या दर ५ ठिपक्यांमागे डिस्कवर माहिती एकाच ठिपक्याची. बाकीचे शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरायचे. यालाच अपस्केलिंग म्हणतात. चौकटी आखून पुस्तकातलं छोटं चित्र आपण फळ्यावर मोठं काढतो ना, तसंच. रेषा नीट जुळतात, पण मूळ चित्रात नसलेली पापणी कुठून आणणार? आणि हे काम टीव्ही स्वतःही करतोच, नाहीतर चित्र पडद्याच्या मधोमध छोटंसं दिसलं असतं. तेव्हा प्रश्न एवढाच, की हे काम जास्त चांगलं कोण करतं, प्लेअर की टीव्ही?

आमची चूक मात्र वेगळीच निघाली. आम्ही लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर लावली होती. त्यातल्या एकट्या पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकत्र जातात, त्यामुळे कडा फिसकटतात. प्लेअरच्या मागे एचडीएमआयची जागा होती, ती कोणी पाहिलीच नव्हती! ती केबल लावल्यावर चित्र बरंच स्वच्छ झालं. जाडेपणा गेला तो टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडल्यावर. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, टीव्ही कापला का?"

तरीही नवा प्लेअर घ्यायचाच असेल, तर खोक्यावरच्या '१०८०' या आकड्यावर जाऊ नका. आपली डिस्क दुकानात घेऊन जा, शक्यतो लेझीमची. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं केलेल्या अशा चित्रीकरणात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकात विषम क्रमांकाच्या रेषा, पुढच्यात सम. ती नीट जोडणं हेच खरं कसब. ते नसेल तर हलणाऱ्या हातांच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. असे दाते दिसले तर तो प्लेअर घेऊ नका. सिनेमाच्या विकतच्या डिस्क लावायच्या असतील तर एचडीएमआय हवंच, कारण नक्कल-संरक्षणामुळे बहुतेक प्लेअर दुसऱ्या वायरीतून मोठं केलेलं चित्र देत नाहीत. किमतीत फार फरक नसेल तर ब्लू-रे प्लेअर बघा, त्यावर डीव्हीडीही चालते.

घरी प्लेअर असेल तर आजच एक प्रयोग करा. त्याच्या मेनूत एकदा ५७६पी आणि एकदा १०८०पी ठेवून तेच दृश्य पाहा. पहिल्यात चित्र टीव्ही मोठं करतो, दुसऱ्यात प्लेअर. जे चांगलं दिसेल ते कायम ठेवा.

आम्ही जुनाच प्लेअर ठेवला. उरलेल्या वर्गणीतून स्पीकर घेतले, कारण टीव्हीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतच नव्हता.