लॅपटॉप अडला तर...

लॅपटॉप अद्ययावत होत असताना काम मध्येच बंद पडले, तर पुष्कळ जण घाबरतात आणि घाईने नको ते करून बसतात. अशा वेळी कोणत्या क्रमाने वागावे, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

जुलै महिना आहे. भंडाऱ्यात दोन दिवसांपासून पाऊस पडत आहे. वैनगंगेला पूर आला आहे. शेतांत धानाची रोवणी चालू आहे. तुमच्या घरी आपा लॅपटॉपसमोर बसली आहे. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ही भांडी घडवणाऱ्या कारागिरांना भेटून आपाने महाविद्यालयासाठी एक अहवाल लिहिला आहे. तो तिला परवा द्यायचा आहे.

इतक्यात पडद्यावर सूचना येते, ‘अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका.’ आकडा हळूहळू वाढत ३५ टक्क्यांवर येतो आणि वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे. पाच मिनिटांत पडदा काळा होतो.

वीज आल्यावर आपा लॅपटॉप चालू करते. नेहमीचे चित्र दिसत नाही. नुसते गोल ठिपके फिरत राहतात.

“माझा अहवाल गेला!” आपा रडवेली होते.

अब्बा म्हणतात, “चला, दुकानात नेऊ. सगळे पुसून नव्याने भरून घेऊ.”

अशा वेळी तुम्ही काय म्हणाल? तुम्ही म्हणायला हवे, “अब्बा, जरा थांबा. पुसायचे कशाला? अहवाल अजून आतच असेल.”

तो आत असेल, असे आपण का म्हणू शकतो? ते आधी समजून घेऊ.

लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे त्याची कार्यप्रणाली. विंडोज ही अशी एक कार्यप्रणाली आहे. पडदा, कळफलक, इंटरनेट या सर्वांकडून काम करून घेणे, हे तिचे काम. दुसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः साठवलेले लेख, फोटो आणि हिशेब. त्यांना आपण फायली म्हणतो.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घरावरचे कवेलू फेरतात. फुटलेले कवेलू काढतात आणि नवे बसवतात. हे काम अर्धे झाले असताना पाऊस आला, तर घरात राहता येत नाही. पण घरातील पेटी आणि तिच्यातील कागद कोणी नेलेले नसतात. अपडेटचेही तसेच आहे. अपडेट म्हणजे कार्यप्रणालीचे काही जुने भाग काढून नवे बसवणे. ते काम मध्येच थांबले, की काही भाग जुने आणि काही नवे राहतात. त्यामुळे लॅपटॉप सुरू होत नाही. आपल्या फायली मात्र बहुतेक वेळा जागेवरच असतात. त्या जातात त्या पुष्कळदा आपल्याच घाईमुळे.

म्हणून पुढील क्रम लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, चार्जर लावा आणि थांबा. मोठ्या अपडेटला कधीकधी एक-दोन तासही लागतात. आकडा हलत नाही, म्हणून काम बंदच पडले असे समजू नका. अपुरे राहिलेले काम विंडोज अनेकदा स्वतःच उलटे फिरवते. ‘बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाची सूचना दिसली, तर ती चांगली खूण समजा. त्या वेळी लॅपटॉप मुळीच बंद करू नका.

दुसरी गोष्ट, पडद्यावरचा मजकूर वहीत जसाच्या तसा लिहून घ्या किंवा मोबाईलने त्याचा फोटो घ्या. त्यात एखादा क्रमांक असतो. तो निरर्थक नसतो. उदाहरणार्थ, क्रमांकाच्या शेवटी ८००७००७० हे आकडे असतील, तर लॅपटॉपमध्ये पुरेशी मोकळी जागा नाही, असा त्याचा अर्थ होतो. आजाऱ्याने नेमके काय दुखते ते सांगितले, की डॉक्टरांचे काम सोपे होते. इथेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट, पुष्कळ तास काहीच हालचाल नसेल, तरच बंद-चालूचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरचा माउस असे जोडलेले सर्व काही काढा. मग पुन्हा चालू करा. कधीकधी एवढ्यानेही काम भागते.

चौथी गोष्ट, दुरुस्तीचा पडदा शोधा. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीन वेळा फसला, की विंडोज आपोआप हा पडदा दाखवते. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ म्हणजे सुरुवातीची दुरुस्ती करून पाहता येते. तेवढ्याने झाले नाही, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडून नुकताच आलेला अपडेट काढता येतो. एका वेळी एकच उपाय करा. तो केल्यावर काय झाले, ते वहीत लिहा आणि मगच पुढचा उपाय करा. चार उपाय एकदम केले, तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले, हे कळत नाही.

या पडद्यावर कधीकधी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ती म्हणजे कुलपाची किल्लीच होय. फायली चोरीला जाऊ नयेत, म्हणून त्यांना हे कुलूप लावलेले असते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल, त्या खात्यात ही किल्ली बहुधा जपलेली असते. मोबाईलवरून ते खाते उघडून ती पाहता येते. ती अनोळखी माणसाला कधीही सांगू नका.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘रिसेट’ हे शब्द दिसले, की हात आवरा. तिथे दोन मार्ग असतात. एका मार्गाने तुमच्या फायली राहतात, पण नंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. दुसऱ्या मार्गाने सर्व काही पुसले जाते. म्हणून आधी फायलींची प्रत बाहेर काढा. लॅपटॉप सुरू होत नसला, तरी जाणकार माणूस पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली चालवून फायली काढू शकतो. कुलूप लावलेले असेल, तर त्यालाही किल्ली लागेलच. दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर पहिले वाक्य हेच बोला, “दादा, आधी फायली काढा, मग बाकीचे करा.”

आता तुम्ही विचाराल, “एवढा त्रास असेल, तर अपडेट करावाच कशाला?”

प्रश्न योग्य आहे. याचे उत्तर २०१७ साली जगाला मिळाले. विंडोजमध्ये एक फट सापडली होती. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला. ज्यांनी तो बसवला नाही, अशा असंख्य संगणकांत १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू शिरला. त्याने फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम अडले. पुढच्याच महिन्यात त्याच फटीचा उपयोग करणारा दुसरा विषाणू पसरला. आपल्या महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. छप्पर गळते हे माहीत असून ते न फेरण्याचा हा परिणाम होता.

पण अपडेट देणाऱ्यांचीही चूक होऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठी एक सदोष अपडेट पाठवला. हा अपडेट विंडोजचा नव्हता, तरी त्यामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने आपला अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतला. तरीही बंद पडलेल्या कितीतरी संगणकांपाशी माणसांना स्वतः जावे लागले. त्यांनी संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला, सदोष फाइल शोधली आणि तेवढीच काढून टाकली. मोठमोठ्या विमान कंपन्यांनाही शेवटी हाच मार्ग धरावा लागला. सर्व पुसायचे नाही, बिघडलेला भाग शोधून तेवढाच काढायचा.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. तुमच्या सांगण्यावरून अब्बांनी चार्जर लावला आहे. अम्मीने सर्वांना चहा दिला आहे. ठिपके फिरत आहेत. तासाभराने ‘बदल मागे घेत आहोत’ अशी सूचना येते. आणखी काही वेळाने ओळखीचे चित्र दिसते. आपा धडधडत्या मनाने फाइल उघडते. कारागिरांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिथे आहे.

आपा हसते. पण तिने आता सर्वांत आधी काय करावे? अहवालाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसरी स्वतःला ई-मेलने पाठवावी. कारण या वेळी अहवाल वाचला. प्रत्येक वेळी वाचेलच असे नाही. डिस्कच खराब झाली, तर वर सांगितलेला कोणताही उपाय पुरत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती आधी काढून ठेवलेली प्रत.

मुलांनो, कवेलू फेरण्यापूर्वी घरातील मोठी माणसे आभाळाकडे पाहतात आणि कागदपत्रांची पेटी सुरक्षित जागी ठेवतात. तुम्हीही अपडेटपूर्वी तीन गोष्टी पाहा. चार्जर लावला आहे ना? जागा मोकळी आहे ना? आपल्या कामाची प्रत दुसरीकडे आहे ना? परीक्षेच्या किंवा अर्ज भरण्याच्या आठवड्यात अपडेट काही दिवस पुढे ढकलण्याची सोयही विंडोजमध्ये आहे. तिचा उपयोग करा, पण नंतर अपडेट करायला विसरू नका.

शब्दार्थ

अद्ययावत – आजपर्यंतच्या सुधारणा केलेले
रोवणी – धानाची रोपे चिखलात लावणे
अहवाल – पाहणी करून लिहिलेली सविस्तर माहिती
कवेलू – छपरावरची मातीची कौले
फट – बारीक भेग. येथे, सुरक्षिततेतील उणीव
सदोष – दोष असलेले
विस्कळीत होणे – व्यवस्था बिघडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपाने कोणाला भेटून अहवाल लिहिला होता?
(आ) ‘रिकव्हरी की’ किती अंकी असते?
(इ) जवाहरलाल नेहरू बंदरातील काम कशामुळे विस्कळीत झाले?

२. कारणे लिहा.
(अ) एका वेळी एकच उपाय करावा.
(आ) अपडेट करणे टाळू नये.

३. लेखकाने अपडेटची तुलना कवेलू फेरण्याशी का केली आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. जागा, कागद, दुकान, दुरुस्ती, हिशेब हे शब्द उर्दूतही आढळतात. असे आणखी चार शब्द पाठातून शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. तुमच्या घरातील कोणत्या कागदांची किंवा फायलींची दुसरी प्रत नाही? त्यांची यादी करा. ती यादी घरी दाखवा आणि या आठवड्यात प्रती काढून ठेवा.