पापणिकाचे तीन गुण : पदवीनंतर विपणन क्षेत्रातील पहिले पाऊल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हा तिघा माजी विद्यार्थ्यांना पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीविषयी लिहिण्यास सांगितले. आमच्यापैकी एक जण किराणा मालाच्या वितरणात आहे, दुसरा बियाणे व शेती-औषधांच्या विक्रीत आहे आणि तिसरी जाहिरात क्षेत्रात काम करते. तिघांचीही पहिली नोकरी विपणनाची, म्हणजे बोलीत ज्याला ‘मार्केटिंग’ म्हणतात त्या क्षेत्रातील होती. ती मिळाल्याची बातमी घरी कळवली तेव्हा तिन्ही घरांतून एकच प्रश्न आला : “एवढं शिकून आता दारोदार फिरायचं?”

या प्रश्नात आईवडिलांचे काही चुकले, असे आम्ही मानत नाही. घरातील पहिली पदवी ज्या कष्टातून येते, त्या कष्टांना पक्क्या नोकरीची आस असणे स्वाभाविक आहे. परंतु सरकारी जागा मोजक्या असतात आणि कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधरासमोर पहिली संधी पुष्कळदा विक्री व विपणनाचीच येते. ती कमीपणाची मानून नाकारणे किंवा डोळे मिटून स्वीकारणे, दोन्ही हानिकारक होय. यास्तव या क्षेत्राचा थोडा अभ्यास येथे मांडत आहोत.

विक्री आणि विपणन

तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देऊन पैसे घेणे ही विक्री. कोणाला काय हवे आहे हे आधी जाणून घेणे, त्यानुसार वस्तू, तिची किंमत, ती मिळण्याचे ठिकाण आणि तिची माहिती पोहोचविण्याचा मार्ग ठरविणे, हे विपणन. या चार अंगांची मांडणी अमेरिकन प्राध्यापक ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये केली. ती आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात प्रारंभीच शिकविली जाते.

याचे उदाहरण शोधण्यास अमेरिकेत जाण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असूनही तो खपविणे फार कठीण गेले. अडचण नांगराच्या पात्यात नव्हती, शेतकऱ्याच्या मनातील भीतीत होती. ती दूर करणे हे विपणनाचे काम. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले आणि यंत्रे घेणाऱ्या लोकांशी कारखान्याचा नियमित संवाद सुरू झाला. विपणन म्हणजे केवळ दारोदार फिरणे नव्हे, हे पालकांना सांगताना आम्ही हेच उदाहरण देत असतो.

सुत्तातील दुकानदार

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात दुकानदाराच्या दृष्टान्ताची दोन सुत्ते लागोपाठ येतात. पालीत दुकानदाराला ‘पापणिक’ म्हणतात. या शब्दाचा पापाशी संबंध नाही. ‘आपण’ म्हणजे दुकान, त्यावरून तो आला आहे. मूळ उपदेश भिक्षूंच्या साधनेविषयी आहे. आम्ही येथे त्यातील दृष्टान्तापुरतेच बोलत आहोत.

पहिल्या सुत्तात असे सांगितले आहे की, सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात मनापासून लक्ष घालणाऱ्या दुकानदाराची संपत्ती वाढते. दुसऱ्यात त्याचे तीन गुण सांगितले आहेत. तो ‘चक्खुमा’ म्हणजे डोळस असतो. कोणती वस्तू कितीला घ्यावी, कितीला विकावी आणि त्यात किती उरेल, हे त्याला दिसते. तो ‘विधुर’ म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. मराठीतील विधुर शब्दाशी येथे घोटाळा करू नये. आणि तो ‘निस्सयसंपन्न’ म्हणजे आधार लाभलेला असतो; हा मनुष्य कुटुंब पोसेल आणि आपले पैसेही वेळच्या वेळी परत करील, अशी खात्री असल्यामुळे धनवान गृहस्थ त्याला भांडवल देऊ करतात. पहिल्या नोकरीतील दोन-तीन वर्षे हे तीन गुण मिळविण्यासाठी असतात, असे आम्हाला अनुभवाअंती वाटते.

पहिला गुण : डोळसपणा

डोळसपणाची पहिली कसोटी नोकरी स्वीकारण्यापूर्वीच लागते. आमच्यापैकी एकाने ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून घरून मागवलेले पैसे एका कार्यालयात भरले. पंधरा दिवसांनी त्या दाराला कुलूप होते. ते पैसे आईने बचत गटातून उचलले होते आणि त्यांचे हप्ते ती पुढे वर्षभर फेडत राहिली. म्हणून आमचे सांगणे असे की, नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, तो नोकरी देत नसून आपल्यालाच गिऱ्हाईक करीत असतो. ‘आणखी चार जण जोडा, त्यांच्या पैशातून तुम्हाला मिळेल’ असे सांगणाऱ्या योजनांपासूनही दूर राहावे. पैसे फिरविण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी घातलेली आहे आणि थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर पुढील गोष्टी शांतपणे वाचाव्यात :

१. वार्षिक ‘सीटीसी’चा आकडा म्हणजे हाती येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीकडून भविष्य निर्वाह निधीत जाणारा वाटा, विमा आणि लक्ष्य गाठल्यावरच मिळणारी रक्कमही धरलेली असू शकते. महिन्याला निश्चित हाती किती येईल, हे स्पष्ट विचारावे.

२. प्रवासभत्ता कसा व केव्हा मिळतो? आधी खिशातून खर्च करावयाचा असेल, तर पहिले दोन महिने कसे निभावणार याचा हिशेब घरी मांडावा.

३. कामाचा भाग कोणता, वरिष्ठ कोण, चाचणी काळ किती आणि नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागते?

४. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. तपासणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत.

कामावर रुजू झाल्यावर डोळसपणाची दुसरी कसोटी बाजारात लागते. वस्तू कारखान्यातून निघून कंपनीच्या गोदामात, तेथून वितरकाकडे आणि वितरकाकडून दुकानात जाते. कंपनीने वितरकाला माल दिला, ती प्राथमिक विक्री. वितरकाने दुकानदाराला दिला, ती दुय्यम विक्री. नव्या मुलाला ठरावीक वारी ठरावीक दुकाने दिली जातात, त्याला ‘बीट’ म्हणतात. त्या दुकानांत केवळ मागणी लिहून घेऊन पुढे जाणारा मुलगा वर्षानंतरही तेथेच राहतो. फळीवर कोणता माल धूळ खात पडला आहे, कोणाची मुदत संपत आली आहे, गिऱ्हाईक नाव घेऊन काय मागते आणि दुकानदार स्वतःहून काय पुढे करतो, हे पाहणारा मुलगा बाजार शिकतो.

एक लहान हिशेब पाहू. दुकानदार ९० रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकतो. नफा १० रुपये. विक्रीच्या किमतीवर तो १० टक्के होतो, परंतु दुकानदाराने गुंतविलेल्या ९० रुपयांवर ११ टक्क्यांहून थोडा अधिक होतो. हे १० रुपये ७ दिवसांत सुटले तर दुकानदार आनंदाने पुन्हा माल घेतो. ६० दिवस लागले तर तीच वस्तू त्याला जड होते. हे ज्याला दिसले, तो दुकानदाराशी त्याच्या भाषेत बोलू शकतो.

दुसरा गुण : कौशल्य

कौशल्य म्हणजे तोंड चालविणे, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक पहिले कौशल्य ऐकण्याचे असते. आमच्यातील शेती-औषधे विकणारा प्रारंभी गावोगाव जाऊन औषधांची नावे घडाघडा सांगत असे. एकदा एका वयस्क शेतकऱ्याने त्याला थांबवून म्हटले, “बाळा, आधी माझ्या कपाशीचं पान तर बघ.” त्या दिवसापासून तो शेतात गेल्यावाचून औषधाचे नाव घेत नाही. मुलाखतीत ‘हे पेन मला विका’ असे सांगितले जाते, तेव्हाही पेनाची स्तुती करण्यापूर्वी ‘आपण कशासाठी वापरता?’ असे विचारावे.

आपल्या मुलांना इंग्रजीची भीती फार वाटते. दुकानातील बोलणे मराठीत किंवा हिंदीतच होते. इंग्रजी लागते ती अहवालात, ईमेलमध्ये आणि बैठकीत. म्हणून रोज सायंकाळी दिवसाच्या कामाच्या पाच ओळी इंग्रजीत लिहाव्यात. वर्षभरात ती भीती ओसरते, हा आमचा अनुभव आहे. सकाळी भेटींचा क्रम ठरविणे, दुपारी त्या भेटी पार पाडणे आणि सायंकाळी नोंद करणे, ही शिस्त सुत्तातील तिन्ही प्रहरांच्या दक्षतेहून वेगळी नाही.

अनुभव नाही म्हणून अर्जाचा कागद रिकामा ठेवू नये. निवासी शाळेत भोजनालयाच्या समितीवर ज्याने ६० मुलांच्या भाजीचा महिन्याचा हिशेब ठेवला, जयंतीच्या कार्यक्रमासाठी ज्याने वर्गणी गोळा करून पै-पैचा ताळेबंद मांडला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काम आहे. ते आकड्यांसह सांगावे.

तिसरा गुण : आधार आणि विश्वास

अमेरिकेतील शिक्षणानंतर मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ज्ञानात कोणतीही उणीव नसताना समाजाने जे नाकारले, ते म्हणजे विश्वास आणि पाठबळ. त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ही गोष्ट या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांना व्यापारातील मामा-काका नसतात. आपल्याजवळ असतो तो दिलेला शब्द. तो कसा गमावला जातो, हे आमच्यातील किराणा वितरणातील सहकाऱ्याने पहिल्याच वर्षी अनुभवले. मार्चअखेरीस लक्ष्य अपुरे होते. वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याने तालुक्याच्या एका दुकानदाराला गरजेपेक्षा कितीतरी अधिक खोकी दिली आणि सांगितले, “खपली नाहीत तर परत घेऊ.” लक्ष्य पूर्ण झाले. पावसाळ्यात खोकी परत घेण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीने नकार दिला. लेखी काही नव्हते. दुकानदार रागावला नाही. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “माल तुमच्या कंपनीचा होता, साहेब. शब्द तुमचा होता.”

आमच्या सहकाऱ्याने पुढील पाच रविवार ती खोकी मोटारसायकलवर लादून आठवडी बाजारांच्या गावांतील लहान दुकानांत पोहोचविली. मुदत संपण्यापूर्वी दोन वगळता सर्व खपली. त्या दोहोंचे पैसे त्याने पगारातून दिले. दुकानदाराने ते मोजून घेतले. त्याने घ्यावेत हेच योग्य होते. त्यानंतर मात्र जे लेखी देता येत नाही, त्याचे तोंडी आश्वासन आमच्या या सहकाऱ्याने कोणालाही दिले नाही. त्या तिमाहीत त्याचा प्रोत्साहन भत्ता बुडाला.

जाहिरात क्षेत्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वी लिहिणाऱ्याचे मन तेथे असते. सम्यक वाचा हा शब्द आपण प्रार्थनागृहात ऐकला. त्याची परीक्षा महिनाअखेरीस, लक्ष्य अपुरे असताना होते. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायातच सांगितले आहे. शेती-औषधे विकणाऱ्या आमच्या मित्राला यातील शेवटचा शब्द आजही अस्वस्थ करतो. तो प्रत्येक शेतकऱ्याला मात्रा, हातमोजे आणि तोंडावरील फडके यांविषयी सांगितल्यावाचून बाटली देत नाही. तरीही प्रश्न पूर्ण सुटला, असे तो म्हणत नाही. असा प्रश्न मनात जागा असणे, हेही आम्ही शिक्षणाचेच फळ समजतो.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

सुत्तातील दुकानदाराला भांडवल देणारे गृहस्थ होते. आजच्या नवपदवीधरासाठी ते स्थान आपण घ्यावयाचे आहे. त्यासाठी मोठी देणगीच लागते, असे नाही. शहरात मुलाखतीस आलेल्या मुलाला दोन रात्री घरी ठेवून घेणे, त्याचे नियुक्तिपत्र वाचून देणे, पहिला पगार येईपर्यंत प्रवासखर्च उसना देणे आणि आपल्या कार्यालयात जागा निघाली की शाळेला कळविणे, एवढे आपल्यापैकी प्रत्येकास शक्य आहे. मुलांनीही उसने घेतलेले वेळेवर परत करावे. त्यामुळेच मागून येणाऱ्यासाठी दार उघडे राहते.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. ओळखीच्या किराणा दुकानात परवानगी घेऊन दोन तास बसावे. गिऱ्हाइकांनी नाव घेऊन मागितलेल्या आणि दुकानदाराने सुचविलेल्या वस्तूंची वेगवेगळी यादी करावी.

२. त्यांतील कोणत्याही तीन वस्तूंचा खरेदीदर, विक्रीदर आणि खपण्यास लागणारे दिवस विचारून नफ्याचा हिशेब मांडावा.

३. वर्तमानपत्रातील एक जाहिरात घेऊन तिच्यातील कोणते विधान सिद्ध करता येईल व कोणते येणार नाही, हे लिहावे.

ही वही मुलाखतीस जाताना बरोबर न्यावी. आणि घरी कोणी विचारले की एवढे शिकून दारोदार का फिरायचे, तर ती वही आईवडिलांसमोर उघडून ठेवावी आणि त्यातील हिशेब त्यांना समजावून सांगावा. आमच्या तिघांच्याही घरी तो प्रश्न शेवटी असाच मिटला.