मागच्याच्या चालीनं चला

पुणे

चि. सौ. मृणाल व चि. अनिकेत यांस,


ऑक्टोबरात अन्नपूर्णेची प्रदक्षिणा करायची, तीही दोघांनीच, आपापली सॅक पाठीवर घेऊन, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. मृणाल, तू पाठवलेलं वेळापत्रक मी नीट वाचलं. बेसीसहारहून जीपनं थेट मनांग, तिथे एक मुक्काम, पुढे फेदी आणि लगेच थोरोंग ला. सामानाची यादी चोख आहे. पण दोघांपैकी एकाला त्रास व्हायला लागला तर काय करायचं आणि ते कोणी ठरवायचं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. माझं सांगणं त्याबद्दलच आहे. उंचावर जोडीनं चालताना त्या दिवशी ज्याचं शरीर मागे पडलंय त्याच्या चालीनं दोघांनी चालावं, ‘थांबू या’ म्हणण्याचा हक्क दोघांनाही सारखा असावा, आणि हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेलं असावं. हे मी मायेपोटी सांगतोच आहे, पण त्यामागे कारणंही आहेत.

थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मनांगच्या निम्म्याइतकंही नाही. खिंडीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यानं रक्तातला आम्लाचा तोल बिघडतो आणि तो सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. हे काम रोज पळणाऱ्याचं लवकर उरकतं असं नाही. म्हणूनच ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा, असं डॉक्टर सांगतात. बेसीसहार ८०० मीटरच्या आत आहे आणि मनांग साडेतीन हजारांवर. जीपनं तुमचे पाय वाचतील, पण शरीराला लागणारे दिवस वाचणार नाहीत.

अनिकेत म्हणेल, आम्ही दोघंही सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय, दम कुणाचा कमी नाही. पण १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे त्यांनी २७८ पदयात्री तपासले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना विरळ हवेचा त्रास झालेला आढळला. विमानानं उंचावर उतरलेल्यांना, भराभर चढलेल्यांना आणि वाटेत कमी रात्री काढलेल्यांना तो जास्त होता. वयानं तरुण असलेल्यांनाही जास्त होता. बाई की पुरुष, पाठीवर ओझं किती, पूर्वी उंचावर जाऊन आलेत की नाही, यानं मात्र फरक पडला नव्हता. म्हणजे तुम्हा दोघांत आधी कोण आजारी पडेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ‘अनिकेत दणकट आहे, मृणालला सांभाळून नेईल’ हा दोन्ही घरांचा समज त्यामुळे बिनबुडाचा ठरतो.

यावर तुम्ही म्हणाल, आम्ही एकमेकांना इतकं ओळखतो की न बोलताही कळेल. मला धोका नेमका इथेच दिसतो. डोकं दुखणं, जेवण नकोसं होणं, चिडचिड, गप्प गप्प राहणं ही या आजाराची पहिली लक्षणं. ओळखीचं माणूस त्यांचा ओळखीचाच अर्थ लावतं: दमली की ती अशीच वागते, भूक लागली की तो असाच बोलतो. शिवाय ज्याला होतंय तो जोडीदाराचा हिरमोड नको म्हणून लपवतो. आणि मेंदूला सूज यायला लागली की आपलं काही बिघडलंय हे समजण्याची शक्तीच आधी जाते. म्हणून रोज संध्याकाळी सॅक उतरवल्यावर एकमेकांना थेट प्रश्न विचारा, आणि सपाट जागी टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत दहा-बारा पावलं चालायला लावा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर चर्चा न करता, रात्र असली तरी, खाली उतरायचं. अशा वेळी पाहणाऱ्याचा शब्द अखेरचा. आजारी माणसाचं ‘मी ठीक आहे’ हिशेबात धरायचं नाही.

खिंडीची आणखी एक अडचण आहे. शिखरावर गेलेला आल्या वाटेनं परततो. खिंड ओलांडणाऱ्याला पलीकडचा उतार खुणावत असतो. फेदीला डोकं ठणकत असताना मनात येतं, उद्या दुपारी मुक्तिनाथला पोचलो की खिंडीच्या सोळाशे मीटर खाली असू, आपोआप बरं वाटेल. पण त्या उताराआधी फेदीपासून जवळजवळ हजार मीटरचा चढ आहे, आणि आजार वाढतो तो त्याच चढावर. फेदीहून खाली जाण्याची खरी वाट मागे, मनांगकडे आहे. ‘एकानं थांबावं, दुसऱ्यानं जाऊन यावं’ हा तोडगाही इथे चालत नाही: जाणारा पलीकडच्या खोऱ्यात उतरतो आणि आजारी माणूस अलीकडे एकटा राहतो. मागे फिरायचं तर दोघांनी.

मग काय जरा डोकं दुखलं की परतायचं? नाही. साध्या डोकेदुखीला उपाय म्हणजे आहे तिथेच राहणं. बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही, वाढलं तर उतरायचं, बस्स. डायमॉक्सच्या गोळीचं काय? डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. ती गोळी शरीराच्या कामाला वेग देते, पण ते काम टाळून देत नाही. डेक्सामेथासोन मात्र लक्षणं दाबतं, शरीर सरावत नाही, म्हणून ते चढण्यासाठी घेऊ नका. वाटाड्या घ्या, त्याला वाट आणि हवा तुमच्यापेक्षा कळते. पण तुझ्या डोक्यात काय ठणकतंय हे तू सांगितल्याशिवाय त्यालाही कळणार नाही. आणि हवेपुढे कुणाचंच चालत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचं बर्फ थोरोंगवर कोसळलं. त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी पाहुणे होते तसे नेपाळी वाटाडे आणि हमालही होते.

रजा मर्यादित आहे, परतीचं तिकीट काढलेलं आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचं उत्तर आजच द्यायला हवं; फेदीला पहाटे तीन वाजता, थंडीत बुटाची नाडी बांधताना, ते कुणालाच सुचत नाही. जीप चामेपर्यंतच घ्या. तिथून पिसांगमार्गे चालत जा. मनांगला निदान दोन जादा रात्री ठेवा. हंगामात तिथल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या केंद्रात याच विषयावर माहिती देतात, ती ऐका. मग याक खर्क, मग फेदी. त्याखेरीज दोन दिवस मोकळे हवेत. ते बसत नसतील तर खिंडीचा नाद सोडा आणि मनांगचं खोरंच मनसोक्त पाहा. गंगापूर्णेखालचा तलाव आणि ब्रागाचा जुना गोंपा तेवढ्या वेळात सहज होतील.

आम्हा वडीलधाऱ्यांकडेही एक काम लागतं. खिंड झालीच पाहिजे हे दडपण पुष्कळदा घरूनच सोबत जातं. तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही घरी स्पष्ट सांगा की आम्ही खिंड ओलांडूच असं नाही. तुझ्या आईला मी समजावतो, अनिकेतच्या घरी त्यानं सांगावं. आणि परतीच्या तिकिटाची तारीख या आठवड्यातच पुढे ढकला. जादा लागतील ते पैसे मी देतो.

तुमचा,
नानामामा